कीव्हची वही, पॅरिसचे लग्न

ब्रोनिस्लाव्हा निजिन्स्काचे नाव नृत्याच्या इतिहासात बहुधा षष्ठी विभक्तीतून येते: निजिन्स्कीची बहीण. वास्लाव्ह निजिन्स्कीची दंतकथाच एवढी मोठी, की तिच्याखाली आणखी दहा जणांचे कर्तृत्व सहज झाकले जावे. वास्लाव्हने रचलेले बॅले अवघे चार आणि त्याची रंगमंचावरची कारकीर्द जेमतेम दहा वर्षांची. ब्रोनिस्लाव्हाने त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ नृत्यरचना केल्या. आधुनिक बॅलेचा विचार ज्या मोजक्या कृतींशिवाय पुढे जात नाही, त्यांतली 'ले नोस', म्हणजे 'लग्न', ही १९२३ची रचना तिची आहे. तरीही पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कच्या लेखणीने तिला फार काळ तळटीपेतच ठेवले. त्याचे एक कारण असे, की ती ज्या गावात घडली त्या गावाकडे या तिन्ही शहरांचे लक्ष नव्हते.

तिचा जन्म जानेवारी १८९१मध्ये मिन्स्कचा. आईवडील, एलिओनोरा बेरेदा आणि तोमाश निजिन्स्की, दोघेही पोलिश नर्तक. रशियन साम्राज्यातल्या गावोगावच्या रंगमंचांवर पोट भरणारे. मुले दौऱ्यावरच जन्मली आणि दौऱ्यावरच चालायला शिकली. थोरला स्तानिस्लाव्ह लहानपणी खिडकीतून पडला आणि त्याचे पुढचे आयुष्य मनोरुग्णालयात गेले. मधला वास्लाव्ह, धाकटी ब्रोनिस्लाव्हा, म्हणजे ब्रोन्या. वडील दुसऱ्या स्त्रीसाठी घर सोडून गेल्यावर आईने दोन्ही धाकट्यांना सेंट पीटर्सबर्गच्या सरकारी नाट्यशाळेत घातले. तिथे राहणे, खाणे आणि शिक्षण सरकारी खर्चाने होई, हे त्या निर्णयामागचे खरे गणित होते. ब्रोन्या १९००मध्ये शाळेत गेली, १९०८मध्ये उत्तीर्ण होऊन मारिन्स्की नाट्यगृहात नर्तकी म्हणून रुजू झाली आणि १९०९मध्ये सर्गेई दियागिलेव्हच्या 'बॅले रूस'बरोबर पॅरिसला पोहोचली. १९११मध्ये 'जिझेल'मधल्या तोकड्या पोशाखाचे निमित्त करून मारिन्स्कीने वास्लाव्हला काढून टाकले, तेव्हा तिनेही निषेध म्हणून नोकरी सोडली. त्या नोकरीला पेन्शन होते. वीस वर्षांच्या मुलीने ते भावासाठी सोडून दिले.

भावाच्या नृत्यरचनांत बहिणीचा वाटा किती, हा प्रश्न अभ्यासक आजही घोळवतात. काही गोष्टी मात्र स्पष्ट आहेत. 'फॉनची दुपार' हा बॅले १९१२च्या मे महिन्यात पॅरिसला रंगमंचावर आला, पण त्याची पहिली जुळवाजुळव त्याच्या बरीच आधी, पीटर्सबर्गच्या घरात, आरशासमोर झाली. तेव्हा वास्लाव्हपुढे ओल्या मातीसारखे एकच शरीर होते, बहिणीचे. ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांसारखी बाजूने दिसणारी, चपटी, कोनांत मोडलेली शरीरे त्याने आधी तिच्यावर घडवून पाहिली. 'वसंतविधी' या बॅलेतल्या बळी जाणाऱ्या कुमारिकेचे अखेरचे नृत्यही त्याने तिच्याच अंगावर बसवले. पण १९१२मध्ये तिने अलेक्सांद्र कोचेतोव्स्की या नर्तकाशी लग्न केले होते, आणि तालमी ऐन रंगात असताना तिला दिवस गेले. ही बातमी ऐकून वास्लाव्ह संतापाने बेभान झाला आणि तू माझ्या कामावर मुद्दाम घाव घातलास अशा अर्थाचे बोलला, असे तिने आठवणींत लिहिले आहे. २९ मे १९१३च्या त्या गाजलेल्या रात्री ती भूमिका मारिया पिल्ट्झने केली. पॅरिसच्या प्रेक्षकांनी घातलेल्या गोंधळाची कहाणी सर्वांना पाठ आहे. ते नृत्य जिच्यावर बसवले ती पहिली नर्तकी त्या रात्री रंगमंचावर नव्हती, ही गोष्ट त्या कहाणीत सहसा येत नाही.

पुढचे वर्ष वेगाने गेले. सप्टेंबर १९१३मध्ये वास्लाव्हने ब्वेनोस आयरेसला रोमोला द पुल्स्कीशी लग्न केले आणि दियागिलेव्हने त्याला तारेने बडतर्फ केले. ऑक्टोबरमध्ये ब्रोनिस्लाव्हाला मुलगी झाली, इरिना. १९१४च्या वसंतात भावाबहिणीने लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये स्वतःची मंडळी उभी केली. आठ आठवड्यांचा करार दोन आठवड्यांत कोसळला. महायुद्ध सुरू झाले तेव्हा ती रशियात परतली आणि वास्लाव्ह परदेशात अडकला. दोघांची पुढची भेट सात वर्षांनी झाली. तोवर त्याच्या मनाचा तोल गेलेला होता.

१९१५मध्ये नवराबायकोला कीव्हच्या नाट्यगृहात काम मिळाले. इथून १९२१पर्यंतच्या सहा वर्षांकडे जुनी चरित्रे आगगाडीच्या खिडकीतून पाहावे तसे पाहतात. प्रत्यक्षात गाडी याच स्टेशनावर थांबते.

क्रांती आणि यादवीच्या काळात कीव्हवरचा झेंडा पुन्हा पुन्हा बदलला. युक्रेनी राष्ट्रवादी, जर्मन, बोल्शेव्हिक, देनिकिनचे श्वेत सैन्य, पोलिश फौजा अशी सत्ता फिरत राहिली, आणि प्रत्येक फेऱ्यात भाकरी व सरपण महाग होत गेले. त्याच काळात त्या शहरातली कला मात्र उसळत होती. चित्रकार अलेक्सांद्रा एक्स्तेर पॅरिसहून घनवाद घेऊन आली होती आणि तिच्या स्टुडिओत तरुण चित्रकारांची रीघ लागली होती. तिथल्याच वर्तुळातल्या वादिम मेलेरने निजिन्स्काच्या नृत्यांसाठी वेशभूषा रेखाटल्या. त्या रेखाटनांतली शरीरे त्रिकोण आणि वाकलेल्या पात्यांची बनलेली दिसतात. वास्लाव्हने आधुनिकता शोधली ती ग्रीक भांडी आणि आदिम विधी यांच्यात. बहिणीला ती सापडली शेजारच्या स्टुडिओत, समकालीन चित्रकारांच्या रेषेत. दोघांच्या कलेतला फरक इथूनच सुरू होतो.

फेब्रुवारी १९१९मध्ये, दुसरे मूल, लेओन, नुकतेच जन्मलेले असताना, तिने कीव्हमध्ये 'गतीची शाळा' उघडली. नावात बॅले हा शब्दच नव्हता. शाळेत आलेली मुले बहुतेक नवखी होती. शास्त्रोक्त बॅलेचे पायाभूत धडे त्यांना मिळत, पण शाळेचे ध्येय वेगळे होते, आणि ते काय होते हे कळण्याची सोय तिनेच करून ठेवली. या वर्षांत ती सतत लिहीत होती: रोजनिशी, आकृत्या आणि 'गती व गतीची शाळा' या नावाने पुढे ओळखला गेलेला प्रबंध. त्याचे एक रूप १९३०मध्ये 'श्रिफ्टटान्झ' या जर्मन नियतकालिकात आले, तेव्हा फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९८०च्या दशकात तिच्या कागदपत्रांची छाननी सुरू झाल्यावर हा मजकूर पुन्हा उजेडात आला आणि अभ्यासकांना तिची कारकीर्द नव्याने वाचावी लागली.

प्रबंधातला मुख्य मुद्दा साधा आहे. संगीताचे द्रव्य ध्वनी, चित्राचे द्रव्य रंग, तसे नृत्याचे द्रव्य गती. पारंपरिक बॅलेचे शिक्षण मात्र स्थितींचे असते: पहिली स्थिती, पाचवी स्थिती, हा पवित्रा, तो पवित्रा. विद्यार्थी एका थांब्यावरून दुसऱ्या थांब्यावर जायला शिकतो आणि मधला प्रवास वाया जातो. निजिन्स्काच्या मते नृत्य त्या मधल्या प्रवासातच असते. थांबा हाही गतीचाच एक क्षण मानला, तरच त्याला अर्थ. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला हा विचार परका वाटू नये. दोन स्वर अचूक लावणारे पुष्कळ असतात, त्यांच्यामधली मींड ज्याला कळली त्याचे गाणे ऐकावे. पाश्चात्त्य बॅलेत मात्र ही गोष्ट १९१९ साली इतक्या स्पष्टपणे मांडणारे फार थोडे होते, आणि मांडून लगेच मुलांच्या अंगात उतरवू पाहणारे त्याहून थोडे.

शाळेच्या कार्यक्रमांत तिने कथानक नसलेली नृत्ये बसवली. लिस्टच्या संगीतावरची 'मेफिस्टो वॉल्ट्झ' आणि 'बारावी ऱ्हॅप्सडी' ही त्या काळातली. कथानकमुक्त बॅलेचे जनकत्व पुस्तकांतून नृत्यरचनाकार जॉर्ज बालांचिनला दिले जाते, आणि अधिक जाणकार लेखक फ्योदोर लोपुखोव्हच्या १९२३च्या 'नृत्यसिंफनी'कडे बोट दाखवतात. १९१९मध्ये बालांचिन पेत्रोग्रादच्या शाळेतला पंधरा वर्षांचा विद्यार्थी होता. कीव्हच्या त्या प्रयोगांना समीक्षक नव्हते आणि त्यांची छायाचित्रे जगभर गेली नाहीत, एवढ्यावरून त्यांचा हक्क बुडत नाही.

रोजनिशीत इतरही पुष्कळ आहे. मोडत चाललेला संसार आहे. गायक फ्योदोर शाल्यापिनबद्दलचे, १९११पासून मनात जपलेले प्रेम आहे. आणि भावाची ओढ आहे. १९२१मध्ये तिने आई, दोन मुले आणि काही विद्यार्थ्यांसह सीमा ओलांडली. पोलंडमार्गे ती व्हिएन्नाला गेली, कारण वास्लाव्ह तिथल्या रुग्णालयात होता. ज्याला दाखवण्यासाठी तिने एवढे काम केले, त्याला आता ते कळण्याची शक्यता उरली नव्हती.

दियागिलेव्हने तिला त्याच वर्षी बोलावून घेतले. लंडनच्या अल्हाम्ब्रा थिएटरमध्ये तो 'निद्रिस्त राजकन्या' हा पेतिपाचा जुना बॅले थाटामाटात आणत होता आणि त्यासाठी काही नवी नृत्ये हवी होती. निजिन्स्काने 'तीन इव्हान'सारखी नृत्ये बसवली, ती गाजली. पण क्रांतीतून आणि कीव्हच्या स्टुडिओतून आलेल्या स्त्रीला हा सोनेरी थाट जुना वाटला, आणि तिने ते लपवले नाही. मे १९२२मध्ये तिने संगीतकार इगोर स्ट्राव्हिन्स्कीचा 'रनार' बसवला आणि त्यात कोल्ह्याची भूमिकाही केली. त्याच वसंतात दियागिलेव्हने तिच्यापुढे 'ले नोस'चे संगीत ठेवले.

हे संगीत स्ट्राव्हिन्स्कीला जवळपास दहा वर्षे छळत होते. रशियन खेड्यातले लग्न हा विषय आणि किरेयेव्हस्कीने जमवलेल्या लोकगीतांचे शब्द ही सामग्री त्याने १९१४च्या सुमारासच निवडली होती. वाद्यांचा मेळ मात्र ठरेना. आधी प्रचंड वाद्यवृंदाचा बेत होता. मग यांत्रिक पियानो, हार्मोनियम आणि सिंबालोम आले आणि गेले. शेवटी चार पियानो, तालवाद्ये, चार गायक आणि समूहगायन एवढेच उरले. तारवाद्य एकही नाही, बासरी नाही. लग्नाचे संगीत म्हणून जे गोड काही अपेक्षित असते ते सगळे गाळल्यावर उरलेला हा ठोका होता.

नेपथ्य आणि वेशभूषा नातालिया गोंचारोव्हाकडे होती. निजिन्स्काच्या आठवणीनुसार दियागिलेव्ह आणि स्ट्राव्हिन्स्की तिला गोंचारोव्हाच्या स्टुडिओत घेऊन गेले. लांब मेजावर ऐंशीच्या आसपास रेखाटने मांडलेली होती: जरतारी अंगरखे, उंच शिरोभूषणे, दाढ्या, जडशीळ बूट, उंच टाचा, आणि रंगच रंग. दियागिलेव्हला ती फार आवडली होती. स्ट्राव्हिन्स्कीलाही. निजिन्स्काने तोंड उघडले नाही. विचारल्यावर तिने सांगितले, की हे सुंदर आहे, ऑपेराला शोभेल, पण या संगीताला नाही. आणि असे कपडे घालून नाचताही येणार नाही. मग तू हा बॅले बसवायचा नाहीस, असे दियागिलेव्हने सुनावले. तिने ते मान्य केले. या कपड्यांत तो बसवण्यापेक्षा न बसवणेच तिला बरे वाटले.

दियागिलेव्हला नाही ऐकायची सवय नव्हती, विशेषतः पगारावरच्या नृत्यरचनाकाराकडून आणि त्यातही स्त्रीकडून. प्रकरण वर्षभर पडून राहिले. वर्षानंतर तो स्वतःच परत आला आणि तिने तेच पुन्हा सांगितले: रंग नकोत, सजावट नको, सगळ्यांना सारखे साधे कपडे. या वेळी तो ऐकून घेऊन गेला. अखेर रंगमंचावर दोनच रंग आले, तपकिरी आणि पांढरा. पुरुषांना सदरे आणि विजारी, स्त्रियांना पांढऱ्या पोलक्यावर साधे तपकिरी झगे. मागे जवळजवळ उघडी भिंत आणि तिच्यात एखादी खिडकी किंवा दार.

गोंचारोव्हाने नंतर लिहिलेल्या आठवणींत गोष्ट वेगळी आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे रंग आपल्याच विचारात टप्प्याटप्प्याने गळत गेले: आधी भडक, मग फिके, मग कामकऱ्यांच्या कपड्याचे. दोन्ही बायकांना श्रेय हवे होते आणि दोघींचाही त्यावर काही हक्क होता. मात्र 'ले नोस'मधली एकेक हालचाल त्या कपड्यांच्या साधेपणावर इतकी अवलंबून आहे, की नृत्य आधी आणि कापड नंतर, हा क्रम मानल्याशिवाय ती रचना समजत नाही. जरतारी अंगरखा घातलेल्या बाईची मान शेजारणीच्या मानेवर टेकली तर दिसतो अंगरखा. तपकिरी झगा असला तर मान दिसते.

बॅले सुमारे पंचवीस मिनिटांचा, चार प्रवेशांचा. वधूची तयारी, वराची तयारी, वधूची पाठवणी आणि लग्नाची मेजवानी. पहिल्या प्रवेशात मैत्रिणी वधूची वेणी घालतात. रशियन खेड्यात कुमारिकेची एक वेणी लग्नाच्या वेळी सोडून तिच्या दोन होत आणि त्या कायमच्या झाकल्या जात; म्हणून वेणी म्हणजे तिचे संपत आलेले मोकळेपण. निजिन्स्काने या वेण्या दोरखंडाएवढ्या लांब केल्या. मैत्रिणी त्या दोन्ही बाजूंनी धरून उभ्या राहतात, आणि वधू सजते आहे की बांधली जाते आहे हे प्रेक्षकाला ठरवावे लागते. स्त्रिया चवड्यांच्या टोकावर उभ्या असतात, पण परीसारख्या तरंगण्यासाठी नव्हे. त्या अवस्थेत शरीरे बायझंटाइन प्रतिमांतल्या संतांसारखी लांब, कृश दिसतात, आणि बुटांची टोके जमिनीवर पियानोच्या ठोक्यांसारखी आदळतात. एकोणिसाव्या शतकाने स्त्रीचे वजन नाहीसे करण्यासाठी जे साधन बनवले, त्यातून तिने वजन दाखवले.

एकट्याचे असे नृत्य या बॅलेत जवळपास नाही. वधूवर फारसे नाचतही नाहीत. नाचतो तो गाव. शरीरे एकमेकांवर रचली जातात, चेहऱ्यांवर चेहरे टेकून मनोरा होतो, माणसांची भिंत होते, पाचर होते, चाक होते. पाठवणीच्या प्रवेशात आयांचा विलाप आहे, आणि तो पाहताना मराठी प्रेक्षकाला शब्दांच्या भाषांतराची गरज पडत नाही. शेवटच्या प्रवेशात वधूवर मागच्या उंचवट्यावर आईबापांसह बसून राहतात, खाली मंडळी बेभान नाचतात. मग दोघे शेजेच्या खोलीत जातात, दार बंद होते आणि घंटेसारखे स्वर लांब अंतराने पडत राहतात. निजिन्स्काला हे लग्न आनंदाचे वाटलेच नव्हते. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन मुलांच्या आयुष्याचा निर्णय इतरांनी घेतलेला आहे, हे तिने संगीतातच ऐकले होते.

पहिला प्रयोग १३ जून १९२३ला पॅरिसच्या गॅते-लिरिक नाट्यगृहात झाला. वधू फेलिया दुब्रोव्स्का होती, वाद्यमेळ अर्नेस्ट आन्सेर्मेच्या हाती. पॅरिसने डोक्यावर घेतले. आंद्रे लेव्हिन्सनसारख्या मोठ्या समीक्षकाला मात्र व्यक्तीला समूहाच्या यंत्रात विरघळवणारे हे नृत्य मानवले नाही. त्याला त्यात नव्या रशियाचा वास आला. वास खरा होता, निष्कर्ष उतावीळ. समूहाची ताकद कीव्हमध्ये जवळून पाहिलेल्या स्त्रीनेच समूह एका मुलीचे काय करतो तेही दाखवले होते. १९२६मध्ये लंडनला हा बॅले गेला, तेव्हा चार पियानोंवर पूलाँक, ओरिक, रिएती आणि ड्यूकेल्स्की असे चार संगीतकार बसले होते. तिथल्या वृत्तपत्रांनी टर उडवली आणि एच. जी. वेल्सने बॅलेच्या बाजूने जाहीर पत्र लिहिले.

योगायोग असा, की त्याच १९२३च्या सप्टेंबरात लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये आणखी एक लग्न रंगमंचावर आले होते. ॲना पाव्हलोव्हाच्या पौर्वात्य नृत्यमालिकेत तरुण उदयशंकरने 'हिंदू विवाह' बसवला होता. पाव्हलोव्हाला भारतातून जे हवे होते तेच दियागिलेव्हला रशियाकडून हवे होते: दूरच्या देशाचा रंगीबेरंगी देखावा. निजिन्स्काने आपल्याच देशाचे लग्न त्या देखाव्यातून सोडवून घेतले. उदयशंकरला स्वतःची वाट सापडायला अजून काही वर्षे होती.

कीव्हच्या शाळेचा आणखी एक धागा इथे येतो. पुरुष नर्तक कमी पडल्यावर तिच्या उत्तम विद्यार्थ्यांना बोलावून घ्यायचे दियागिलेव्हने ठरवले. १९२३च्या सुरुवातीला कीव्हहून आलेल्या त्या मुलांत सर्ज लिफार होता. पुढे तोच दियागिलेव्हचा लाडका झाला आणि पॅरिस ऑपेराच्या बॅलेचा दीर्घकाळ सूत्रधार. गुरुदक्षिणेच्या बाबतीत तो उदार होता असे म्हणता येत नाही.

'ले नोस'नंतरचे एक वर्ष तिने झपाट्याने काम केले. ६ जानेवारी १९२४ला माँटे कार्लोत 'ले बिश' आला: पूलाँकचे संगीत, मारी लोराँसाँची गुलाबी-निळी सजावट, एक मोठा सोफा, आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली कोण कोणाच्या मागे आहे हे धड न सांगणारी संध्याकाळ. मोत्यांच्या माळा आणि लांब सिगारेट-होल्डर घेतलेली यजमानीण स्वतः निजिन्स्काने केली. निळ्या मखमली अंगरख्यातली, मुलगा की मुलगी हे न कळणारी आकृती व्हेरा नेमचिनोव्हाने. 'ले नोस' आणि 'ले बिश' यांच्यामध्ये सात महिन्यांचे अंतर आहे यावर विश्वास बसत नाही. जूनमध्ये 'निळी आगगाडी' आली. रिव्हिएराच्या किनाऱ्यावरचे पोहणारे, टेनिस आणि गोल्फ खेळणारे लोक, मियोचे संगीत, शनेलचे पोशाख, पिकासोच्या चित्रावरून केलेला पडदा, आणि झाँ कॉक्तोची संहिता. कॉक्तोला मूकनाट्य हवे होते, निजिन्स्काला नृत्य. तालमींत दोघांचे जमले नाही आणि बॅलेत तो ताण राहिला. शिवाय कॉक्तोसारख्या शब्दपंडिताशी भांडायला तिची फ्रेंच अपुरी होती. १९२५च्या आरंभी तिने दियागिलेव्हची मंडळी सोडली. पुढच्या वर्षी एका बॅलेपुरती ती परतली, तेवढेच.

यानंतरची कारकीर्द एका देशातून दुसऱ्या देशात, एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत अशी विखुरलेली आहे. ब्वेनोस आयरेसच्या तेआत्रो कोलोनमध्ये तिने बॅले बसवले. १९२८मध्ये धनाढ्य नर्तकी इदा रुबिन्स्टाइनने स्वतःच्या मंडळीसाठी तिला नेमले. मालकीणच नायिका असलेल्या मंडळीत काम करणे ही अवघड गोष्ट, कारण रुबिन्स्टाइनचे रूप तिच्या नृत्यापेक्षा फार वरचढ होते. निजिन्स्काने या अडचणीतूनच 'बोलेरो' काढला. २२ नोव्हेंबर १९२८ला पॅरिस ऑपेरात रॅव्हेलचे ते संगीत प्रथम वाजले, तेव्हा रंगमंचावर खानावळीतले एक भलेमोठे मेज होते, मेजावर एकटी स्त्री आणि भोवती पुरुषांचे कडे. नायिकेला फार नाचावे लागू नये आणि नजर तिच्यावरून हलूही नये, अशी ही योजना होती. मॉरिस बेजारच्या १९६१च्या 'बोलेरो'ने हे मेज आणि हे कडे पुन्हा जगप्रसिद्ध केले. ते पाहणाऱ्यांना पहिले मेज कोणी मांडले याची बहुधा कल्पना नसते. पाचच दिवसांनी तिथेच स्ट्राव्हिन्स्कीचा 'परीचे चुंबन' तिच्या रचनेत आला. समूहात एक इंग्रज तरुण नाचत होता आणि तालमीत तिच्याकडे टक लावून पाहत होता. त्याचे नाव फ्रेडरिक ॲश्टन.

१९३२मध्ये तिने पॅरिसला स्वतःची मंडळी काढली. १९३४च्या 'हॅम्लेट'मध्ये तिने हॅम्लेटची भूमिका स्वतः केली. मंडळी पैशांअभावी टिकली नाही. १९३५मध्ये मोटार अपघातात मुलगा लेओन गेला. इरिना गंभीर जखमी होऊन वाचली. पुढच्याच वर्षी निजिन्स्का न्यूयॉर्कमध्ये द बासीलच्या मंडळीवर 'ले नोस' पुन्हा बसवत होती. १९३७मध्ये नव्या पोलिश बॅलेची ती प्रमुख झाली आणि त्या मंडळीने पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मोठे पारितोषिक मिळवले. त्यानंतर तिथलेही पद गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ती दुसरा नवरा, कीव्हच्याच शाळेतला निकोलाय सिंगायेव्हस्की, याच्यासह अमेरिकेला पोहोचली आणि लॉस एंजलिसला स्थिरावली. तिथल्या तिच्या वर्गात ओसेज आदिवासी कुटुंबातल्या मारिया आणि मार्जोरी टॉलचीफ या बहिणी शिकल्या. मारिया पुढे बालांचिनच्या मंडळीची तारका झाली.

१९५०मध्ये वास्लाव्ह लंडनला वारला. रोमोलाने लिहिलेल्या चरित्राने आणि तिने काटछाट करून छापलेल्या त्याच्या रोजनिशीने दंतकथा तोवर पक्की केली होती.

निजिन्स्काला परत आणले ते ॲश्टनने. १९६३मध्ये तो रॉयल बॅलेचा संचालक झाला. मंडळीची संस्थापक निनेट द व्हॅल्वा हीसुद्धा १९२०च्या दशकात निजिन्स्काच्या हाताखाली नाचलेली होती. त्यामुळे ब्रिटिश बॅलेच्या पायात तिच्या तालमी आधीच होत्या. फक्त पाटीवर नाव नव्हते. डिसेंबर १९६४मध्ये 'ले बिश' आणि २३ मार्च १९६६ला 'ले नोस' कॉव्हेंट गार्डनमध्ये आले. वधू स्वेतलाना बेरिओसोव्हा होती. पंचाहत्तरीतल्या नृत्यरचनाकाराने तालमी स्वतः घेतल्या. चार दशकांपूर्वी टर उडवणाऱ्या लंडननेच या वेळी तो बॅले शतकातला श्रेष्ठ म्हणून उचलला, आणि तेव्हापासून तो रॉयल बॅलेच्या संचात आहे.

२१ फेब्रुवारी १९७२ला कॅलिफोर्नियात पॅसिफिक पॅलिसेड्स इथे तिचे निधन झाले. इरिनाने जीन रॉलिन्सनच्या मदतीने आईच्या आठवणींचे इंग्रजी भाषांतर-संपादन करून ते १९८१मध्ये प्रसिद्ध केले. पुस्तक जाडजूड आहे आणि १९१४मध्ये थांबते. म्हणजे भावाची गोष्ट जवळपास पूर्ण होते आणि बहिणीची सुरू व्हायची असते, नेमके तिथे. १९८६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत नॅन्सी व्हॅन नॉर्मन बेअरने तिच्या कामाचे प्रदर्शन मांडले आणि कीव्हचा प्रबंध इंग्रजीत आणला. इरिनाने ओकलंड बॅलेसाठी आईच्या रचना पुन्हा उभ्या केल्या. त्यांत १९८९ची 'निळी आगगाडी'ही होती. १९९१मध्ये इरिनाही गेली. वह्या, रोजनिशा, आकृत्या आणि छायाचित्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्यांच्या आधारे लिन गॅराफोलाने लिहिलेले पहिले सविस्तर चरित्र २०२२मध्ये निघाले, जन्मानंतर एकशे एकतीस वर्षांनी.